जीव मोठा की जिव्हाळा?

नागपूरच्या घराघरांतील बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो. उन्हाळा, संत्र्यांचा भाव आणि कूलरचा वाळा हे नेहमीचे विषय संपले की कोणीतरी सुस्कारा टाकते आणि म्हणते, ‘‘आता हे गाव राहण्यासारखं राहिलं नाही बाप्पा.’’ मग कालच्या वर्तमानपत्रातली बातमी निघते, तिला परवाची बातमी जोडली जाते, आणि ज्या घरचा मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला आहे ते घर इतरांना उपदेश करू लागते, ‘‘घर काढून टाका आणि जा मुलाकडे. काय ठेवलं आहे इथे?’’ काय ठेवले आहे, याचे उत्तर त्या बैठकीत सहसा कोणी देत नाही. प्रश्न हवेत राहतो, चहा येतो, आणि मंडळी उठतात.

हा प्रश्न माझ्यापुरता हवेतला राहिलेला नाही. मी कला शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. थोरला भाऊ पुण्याला नोकरी करतो. वडील निवृत्त झालेले, आई घरी, आजी अंथरुणावर नसली तरी उंबऱ्याच्या आत. गेल्या श्रावणात माझी मावशी सकाळी फिरायला गेली असता दुचाकीवरून आलेल्या दोघांनी तिच्या गळ्यातली पोत ओढून नेली. ती पडली, मनगट मोडले. त्या दिवसापासून दादाचा आठवड्यातून दोनदा फोन असतो : नंदनवनचे घर विकायचे, आई-बाबांनी आणि आजीने पुण्याला यायचे आणि मीही एम.ए. तिकडेच करायचे. घरात दोन तट पडले आहेत. मी ज्या तटात आहे त्याची बाजू येथे मांडते आहे, हे आधीच सांगितलेले बरे. दादाही हा अंक वाचणार आहे, तेव्हा त्याला न्याय देणे भागच आहे.

गुन्हेगारीची भीती खोटी आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. माझा आक्षेप आहे तो तराजूवर. एका पारड्यात भीती घालायची, दुसऱ्यात नाती घालायची, आणि भीतीचे पारडे खाली गेले की सामान बांधायचे, असा हा हिशेब आहे. या हिशेबात जाणाऱ्याची भीती मोजली जाते आणि मागे राहणाऱ्याची मोजलीच जात नाही. शिवाय भीती नेमकी कोणाची धरायची, हेही कोणी नीट पाहत नाही.

प्रथम नागपूरच्या लौकिकाचे पाहू. ‘गुन्हेगारीची राजधानी’ ही पदवी आपल्या शहराला कोणी बहाल केली हे सांगता येणार नाही, पण ती दर डिसेंबरात विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात नव्याने बहाल होते. २०१४ पासूनच्या बहुतेक काळात राज्याचे गृहखाते नागपूर शहरातल्या किंवा जिल्ह्यातल्या नेत्याकडे राहिले. साहजिकच विरोधी बाकांवर जो कोणी असेल त्याला नागपूरचा प्रत्येक खून हा आयताच मिळालेला दारूगोळा वाटतो. अमरावतीत झालेला खून अमरावतीपुरता राहतो. नागपुरातला थेट सभागृहात जातो.

आकड्यांकडे वळले तरी थोडे सावध असावे लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग, म्हणजे वर्तमानपत्री भाषेत एनसीआरबी, वीस लाखांहून अधिक वस्तीच्या १९ शहरांचे तक्ते वेगळे छापतो. महाराष्ट्रातली त्यात तीनच शहरे आहेत : मुंबई, पुणे आणि नागपूर. अकोला, चंद्रपूर, नांदेड या शहरांचे नाव त्या तक्त्यात कधी येतच नाही, म्हणून ती शहरे शांत ठरतात! दुसरी गंमत अशी की, दर लाख वस्तीमागे गुन्हे किती, हा दर काढताना या शहरांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतली धरली जाते. तेव्हा नागपूर सुमारे २५ लाखांचे होते. त्यानंतर बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर या बाजूंना जे गाव पसरले ते त्या भागाकारात धरलेलेच नाही, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. गुन्हे आजचे आणि माणसे २०११ ची, असा हा भागाकार आहे. अर्थात इतर अठरा शहरांनाही तोच नियम आहे, त्यामुळे एवढ्यावर आपली सुटका होत नाही. खुनाच्या दरात नागपूर वर्षानुवर्षे तक्त्याच्या वरच्या भागात राहिले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. उलट कोचीसारखे शहर एकूण गुन्ह्यांच्या दरात कित्येक वर्षे वर दिसते, कारण तिथे माणूस तक्रार घेऊन गेला तर ती लिहून घेतली जाते. मावशीची तक्रार लिहून घ्यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस कोणत्या तक्त्यात धरायचे?

असो. खरी भीती तक्त्यांनी निर्माण होत नाही, ती एकेका घटनेने होते. माझ्या पिढीच्या नागपूरकरांना विचाराल तर बहुतेक जण १ सप्टेंबर २०१४ सांगतील. लकडगंज भागात आठ वर्षांचा एक मुलगा शाळेच्या बसमधून उतरला आणि घराच्या आवारातूनच पळवला गेला. खंडणीसाठी नेलेल्या त्या मुलाचा खून झाला. मी तेव्हा साधारण त्याच वयाची होते. दुसऱ्या दिवसापासून आई मला बसपर्यंत पोचवायला येऊ लागली आणि मी सातवीत जाईपर्यंत येत राहिली. आमच्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाची हीच कथा आहे. पण त्या गुन्ह्याचा सूत्रधार कोण निघाला हे आज कितीजणांना आठवते? मुलाच्या वडिलांच्या दवाखान्यात पूर्वी कामाला असलेला तरुण. मुलगा त्याला ओळखत होता.

दुसरी घटना जून २०१८ ची. दिघोरी बाजूच्या आराधनानगरात एका रात्रीत एका घरातील पाच माणसे मारली गेली. हे ठिकाण आमच्या घरापासून फार दूर नाही. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत सगळ्यांनी खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसवून घेतल्या. वेल्डिंगवाल्याला जेवायला फुरसत नव्हती. पण मारणारा खिडकीतून आलेलाच नव्हता. तो त्या घरातल्या बाईचा सख्खा भाऊ होता. मृतांत त्याची बहीण होती आणि त्याचा स्वतःचा लहान मुलगाही होता. पुढे न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. जाळ्या मात्र अजून आहेत, आणि दर दिवाळीला त्यांना रंग दिला जातो.

ही उदाहरणे देऊन नात्यांवरचा विश्वास उडवायचा माझा हेतू नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, ‘शहरात गुन्हा आहे आणि घरात जिव्हाळा आहे’ अशी वाटणी खुद्द गुन्हेगारांनीही मान्य केलेली नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर ही वाटणी पार कोसळते. एनसीआरबीच्या त्याच अहवालात स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांचे एक प्रकरण असते. त्यात सर्वांत मोठा आकडा वर्षानुवर्षे एकाच सदराखाली असतो : पती किंवा त्याच्या नातेवाइकांकडून क्रूर वागणूक. साधारण तीन गुन्ह्यांमागे एक. आणि बलात्काराच्या नोंदींत आरोपी स्त्रीच्या ओळखीचा असण्याचे प्रमाण शंभरात नव्वदाच्या वर आहे. आता आपल्या घरांतला व्यवहार पाहा. संध्याकाळी साडेसातला सीताबर्डीहून परतणाऱ्या मुलीसाठी आई फाटकात उभी असते, भाऊ दोनदा फोन करतो, ‘‘कुठे फिरून राहिली?’’ म्हणून वडील रागावतात. तीच मुलगी लग्न करून सातशे किलोमीटरवर, दहाव्या मजल्यावरच्या बंद दाराच्या घरात, ज्याला जेमतेम चार वेळा भेटली त्या माणसाबरोबर राहायला जाते, तेव्हा तोच भाऊ आनंदाने मांडव घालतो. त्या दिवशी कोणी तक्ता उघडत नाही.

म्हणून ‘मुलींसाठी हे शहर चांगलं नाही’ हे वाक्य ऐकले की मी जरा कान टवकारते. बरेचदा त्यामागे दुसरेच काहीतरी असते. मुलीला नोकरी करू द्यायची नसते, किंवा नाट्यस्पर्धेच्या तालमीला पाठवायचे नसते, किंवा स्थळ चालून आलेले असते. भीतीचे कारण पुढे केले की वाद घालता येत नाही, कारण काळजीशी कोण भांडणार? दादाच्या बाबतीतही तसेच आहे, हे मी त्याच्या तोंडावर बोलले आहे, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. त्याच्या डोक्यावर सदनिकेचे कर्ज आहे. नंदनवनचे घर विकले तर ते फिटते. ही गरज खरी आहे आणि तिच्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. त्याने ती गरज म्हणून मांडली असती तर आम्ही घरात बसून पैशांचा विचार केला असता. मावशीच्या मोडलेल्या मनगटाआडून मांडली, म्हणून भांडण झाले.

आणि जिथे जायचे ते पुणे तरी कसे आहे? मला पुण्याची निंदा करायची नाही. तिथली ग्रंथालये आणि नाटके यांचा मला हेवाच वाटतो. पण २७ जून २०२३ रोजी भर सकाळी सदाशिव पेठेत एका महाविद्यालयीन तरुणीमागे कोयता घेऊन धावणारा तरुण सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. तोही तिच्या ओळखीचाच होता. तिने नकार दिला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट स्थानकात पहाटे उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाल्याची तक्रार आली. तिथला आरोपी अनोळखी होता, पण त्याने तिला ‘ताई’ म्हणून बोलण्यात गुंतवले आणि बंद बसकडे नेले, असे बातम्यांत आले. नात्याचा शब्दही हत्यारासारखा वापरता येतो, हे वाचून मी सुन्न झाले होते. कोयता टोळी हा शब्दच मुळी पुण्याने आपल्याला दिला. नागपूरच्या भीतीने पुण्याला गेलेली माणसे आता पुण्याच्या भीतीने आणखी लांबच्या, आणखी उंच कुंपणाच्या वसाहती शोधत आहेत.

सदाशिव पेठेतल्या त्या प्रसंगातला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. कित्येक लोक पाहत उभे होते, आणि त्या मुलीला वाचवले ते स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला गावाकडून आलेल्या मुलांनी. त्यांचे तिथे ना घर, ना नाते, ना मतदार यादीत नाव. म्हणजे शहर आपले असायला तिथे आपला जन्म झालेला असावा लागतो असेही नाही. मात्र त्या वेळी त्या रस्त्यावर कोणीतरी असावे लागते. समाजशास्त्राच्या तासाला आम्हाला जेन जेकब्ज या अमेरिकन लेखिकेच्या १९६१ सालच्या ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ या पुस्तकाची ओळख करून दिली होती. रस्त्याची राखण मुख्यतः रस्त्याकडे असलेल्या डोळ्यांनी होते, दुकानदार, येणारेजाणारे आणि खिडकीत बसलेली माणसे ती नकळत करत असतात, असा तिचा विचार. परीक्षेत मी त्यावर पाच गुणांची टीप लिहिली. पण मला तो कळला मावशी पडली त्या सकाळी. चोर पळाले, त्यांना कोणी पकडले नाही. मात्र भाजीच्या हातगाडीवाल्याने तिला उठवून बसवले, दूधवाल्याने आमच्या घरी निरोप दिला, आणि शेजारच्या काकूंच्या सुनेने तिला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेले. दादाचा फोन आला तेव्हा प्लास्टर घालून झालेले होते. त्यात दादाचा काही दोष नाही. तो सातशे किलोमीटरवर होता, एवढेच.

आता मागे राहणाऱ्यांचा विचार करू. आमच्या गल्लीत पंधरा घरे आहेत. त्यांपैकी सहा घरांत साठीच्या पुढची दोघे किंवा एकटीच राहतात. तीन घरांना वर्षातून दहा महिने कुलूप असते. मे महिन्यात सगळे कूलर घरघरू लागले की शेजारी कोणी दार फोडले तरी ऐकू येत नाही, आणि चोरांना हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पूर्वी उन्हाळ्यात सगळी गल्ली गच्चीवर झोपायची, असे आजी सांगते. रात्री कोणाला खोकला झाला तरी चार घरांना कळायचे. आता ज्यांना शक्य होते ती तरुण घरे ‘सुरक्षित’ गावी गेली आणि गल्ली आधी होती त्याहून असुरक्षित झाली. जे गेले त्यांनी आपापल्या वाट्याची भीती इथेच टाकली, ती उरलेल्यांत वाटली गेली. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी पोलीस ठाण्याने ठेवावी अशी तरतूद त्याखालच्या नियमांत आहे. आपल्या आईवडिलांचे नाव त्या यादीत जावे याची व्यवस्था आपण शिकलेली मुलेच करतो, आणि मग यादी नीट ठेवत नाहीत म्हणून पोलिसांवर रागावतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते. गावातली रोगराई, इडापिडा आणि वर्षभराचे सगळे अमंगळ तिने आपल्याबरोबर न्यावे म्हणून सारे नागपूर रस्त्यावर ओरडत असते, बडग्यांच्या रूपाने पुढाऱ्यांचीही यथेच्छ टिंगल होते. परगावच्या पाहुण्याला ही मिरवणूक दाखवताना मला मोठा अभिमान वाटतो. पीडा गावाबाहेर न्यायची आणि गाव जागेवर राहायचे, अशी ही जुनी रीत. आमच्या घरांनी ती उलटी केली आहे. पीडा जागेवर ठेवून आम्हीच मिरवत गावाबाहेर चाललो आहोत.

राहण्याचा अर्थ किती अवघड होऊ शकतो, हे समजायचे असेल तर कस्तुरबानगरची आठवण टाळता येत नाही. अक्कू यादव या गुंडाने ती वस्ती वर्षानुवर्षे नासवली होती : खंडणी, मारहाण, बलात्कार. तक्रारी होत, अटक होई, जामीन होई, आणि तक्रार करणाऱ्याच्या दारात तो पुन्हा उभा राही. काही घरे वस्ती सोडून गेली. उषा नारायणे ही त्याच वस्तीतली, हॉटेल व्यवस्थापन शिकलेली तरुणी. शिकून बाहेर पडण्याची वाट तिच्यापुढे मोकळी होती. तिने ती धरली नाही. घरावर चालून आलेल्या गुंडांना तिने गॅसचे सिलिंडर पेटवून देण्याची धमकी देऊन थोपवले, आणि मग वस्तीला कंठ फुटला. पुढे १३ ऑगस्ट २००४ रोजी जिल्हा न्यायालयात, भर दालनात, बायकांच्या जमावाने अक्कू यादवला ठार मारले. खटला दहा वर्षे चालला. २०१४ साली पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. २०२१ मध्ये ‘२०० हल्ला हो’ हा चित्रपट याच घटनेवरून निघाला, अमोल पालेकर त्यात आहेत.

न्यायालयात माणूस मारला जाण्याचे समर्थन मी करू शकत नाही. ज्या व्यवस्थेकडे त्या बायका वर्षानुवर्षे गेल्या तिने त्यांना तिथवर आणून सोडले, ही शरमेची गोष्ट आहे आणि ती पडद्यावर पाहताना टाळ्या वाजवणे मला जमले नाही. पण त्याआधीची गोष्ट, वस्ती न सोडण्याची आणि एकीने तोंड उघडल्यावर बाकीच्यांनी दारे न लावण्याची, ती मला विसरता येत नाही. जरीपटक्याच्या त्या बायकांना पुण्यात सदनिका घेऊन देणारा भाऊ नव्हता. शहर सोडावे की नाही, हा प्रश्न पडायलासुद्धा खिशात काही असावे लागते. आपल्या बैठकीतल्या सुस्काऱ्यांत ही गोष्ट कधी येत नाही.

इथे कोणी म्हणेल की ही मुलगी नात्यांचे फारच गोडवे गाते आहे. तसे नाही. आपल्या नागपूरच्या महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. १९८५ साली ते रंगभूमीवर आले. तात्याजी गेल्यावर मुंबईचा सुधीर बायकोसह वाड्यावर येतो, आणि कार्याच्या दिवसांत कोणी काय दिले, कोणी काय सोसले याचे हिशेब निघतात. दारात ट्रॅक्टर गंजत पडलेला असतो. त्या नाटकातला चंदू निमूटपणे सगळ्यांचे करत राहतो आणि प्रभा शिकायचे राहून गेले म्हणून आतल्या आत जळत असते. घराला धरून राहणे म्हणजे कोणाच्या तरी वाट्याला चंदूपण येणे, हे मला कळते. आमच्या घरात ते माझ्या वाट्याला येण्याचा पूर्ण संभव आहे. दादा तिकडून काळजी करील आणि मी इकडून औषधे आणीन. ही वाटणी मला मान्य नाही, आणि ‘मुलगी आहेस, तुझ्यात माया जास्त’ हे शब्द तर अजिबात मान्य नाहीत. मला नागपुरात राहायचे आहे ते माझे काम इथे आहे म्हणून, माझ्या मैत्रिणी इथे आहेत म्हणून, आणि वऱ्हाडी-झाडीच्या बोलीवर मला पुढे अभ्यास करायचा आहे म्हणून. आई-बाबा जवळ असतील ही त्यातली मोठी गोष्ट आहे, एकमेव नाही.

ज्यांना जावेच लागते त्यांच्याविषयी मात्र माझ्याजवळ उपदेश नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या भूखंडावर एका स्थानिक दादाची नजर पडली. आधी निरोप आले, मग रात्री दारावर थापा, मग शाळेतून येणाऱ्या मुलीच्या मागे दुचाकी. त्यांनी निम्म्या भावात जागा दिली आणि दुसऱ्या गावी गेले. त्या मुलीला मी ‘थांबायला हवं होतं’ असे कोणत्या तोंडाने म्हणणार? नाव घेऊन, पत्ता शोधत आलेली धमकी वेगळी आणि सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्रातून येणारी भीती वेगळी. पहिलीला पळणे हेच कधीकधी शहाणपण असते. दुसरीचा त्रास असा की ती कुठेही आपल्या आधी जाऊन पोचते. मार्च २०२५ मध्ये महालात दंगल झाली, काही भागांत संचारबंदी लागली. आजी म्हणाली, ‘‘माणसाचं भेव वाटते तवा माणसातच राहा लागते बाई.’’ त्या आठवड्यात शेजारच्या दोन घरांतल्या बायका रात्री आमच्याकडेच झोपायला येत होत्या. आजी त्यांना रात्रभर जुन्या गोष्टी सांगून जागे ठेवायची, तो भाग वेगळा.

आता आपल्या महाविद्यालयापुरते थोडे बोलते. कारण शहरावर लिहायचे आणि आपल्या फाटकाबद्दल गप्प राहायचे हे बरे दिसत नाही. आपले वाचनालय सात वाजेपर्यंत उघडे असते, पण मुलींनी साडेपाचला निघावे असा अलिखित नियम आहे. कारण विचारले की ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी’ असे उत्तर मिळते. या नियमाचा परिणाम असा की साडेपाचनंतर आवारात मुली नसतातच, आणि एखादी प्रयोगवहीसाठी किंवा तालमीसाठी थांबलीच तर ती एकटी पडते. गेल्या वर्षी फाटकासमोरची चहाची टपरी उठवली गेली, तीही सुरक्षिततेसाठी, कारण तिथे ‘टारगट मुले जमतात’. टपरीवाले काका रात्री नऊपर्यंत तिथे असत. कोणती मुलगी कोणत्या बसने जाते हे त्यांना ठाऊक असे, बस चुकली तर ते सांगत, ‘‘बस इथेच, दुसरी येऊन राहिली.’’ आता त्या कोपऱ्यावर कोणी नाही. टारगट मुले आहेतच, ती थोडी पुढे अंधारात उभी राहतात. फाटकापासून बसथांब्यापर्यंत पाच खांब आहेत. त्यांतले तीन दिवे गेल्या दोन पावसाळ्यांपासून बंद आहेत.

प्राध्यापक मंडळींना माझी विनंती आहे की, वाचनालय आठपर्यंत आणि सर्वांसाठी सारख्याच वेळेला उघडे ठेवून पाहावे, निदान एक सत्र. पन्नास मुली एकदम बाहेर पडल्या तर त्या रस्त्याचा चेहरा कसा बदलतो ते दिसेल. टपरीला परवानगी मिळवून देण्याचेही पाहावे. दिव्यांसाठी महापालिकेला द्यायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे आणि तो वाचनालयाच्या टेबलावर आहे. त्यावर सह्या हव्या आहेत, मुलांच्यासुद्धा. दादा दिवाळीला आला होता तेव्हा मी तो त्याला दाखवला. तो म्हणाला, ‘‘असल्या अर्जांनी काही होत नसते.’’ मग त्याने त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली आणि खांबांचे क्रमांक घालायला सांगितले. ते मी घातले आहेत.